झांजेची दोरी

काल दुपारी माळ्यावर पांघरुणं शोधताना जुन्या झांजा सापडल्या. पितळ काळं पडलेलं आणि एकीची दोरी पार कुजलेली. पांघरुणं राहिली बाजूला, मी तिथंच स्टुलावर बसून चिंच घेऊन घासत बसलो.

आमच्या शाळेत गॅदरिंगच्या समूहगीतात मला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. मी हलवले, तीन वर्षं. पण आरतीत मला गप्प बस म्हणून कुणी कधी म्हटलं नाही. एकजण काळी चारमध्ये, दुसरा कुठंच नाही, एखादी काकू एक ओळ पुढं, आणि वर हे झांजांचं दणदण, त्यात कोण कुणाचं ऐकतंय? मला वाटतं आरतीची चाल बेसूर माणसांना सोबत घ्यायलाच केलेली असणार.

मामाचं गाव मसूर. तिथला मारुती समर्थांच्या अकरांपैकी, 1645 सालचा. सुट्टीत शनिवारी संध्याकाळी पोरं आधी झांजांसाठी भांडायची, ज्याला मिळाली नाही तो टाळ्यांवर. 'सत्राणे उड्डाणे हुंकार वदनी, करि डळमळ भूमंडळ सिंधुजळ गगनी'... अर्थ कुणाला ठाऊक होता लेका, पण ते डळमळ भूमंडळ म्हणताना तोंडात काहीतरी उड्या मारायचं. अजूनही मला ती आरती मधूनच धरून म्हणता येत नाही, पहिल्यापासूनच सुरू करावी लागते, पाढ्यासारखी.

हल्ली आमच्या सोसायटीत गणपतीला ब्लूटूथ स्पीकरवर आरत्या लावतात. सगळे हात जोडून शांत उभे, एकही चूक नाही. मला मात्र लग्नाला जाऊन न जेवता आल्यासारखं होतं.

आमच्याकडं 'येई हो विठ्ठले' अण्णांची. एरवी घरात चार वाक्यं न बोलणारा माणूस 'निढळावरी कर'ला असा काही दम धरायचा की आम्ही भावंडं बोटांवर आकडे मोजायचो, आई निरांजन घेऊन हसू दाबत उभी असायची, कापूर विझायचा पण तो 'कर' काही संपायचा नाही. एकदा सव्वीसपर्यंत गेलो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. डॉक्टरांनी ते प्लास्टिकचं खेळणं दिलं, श्वास आत ओढायचा आणि तीन गोळे वर उचलायचे. अण्णांचे दोन उचलले जातात. तिसरा जागेवर थरथरतो, बस. फिजिओवाली पोरगी म्हणाली, काका, गाणं म्हणता का? म्हणत जा, श्वासाला चांगलं. अण्णा म्हणाले, गाणं नाही, आरती म्हणतो.

गेल्या गणपतीत 'निढळावरी'ला ते सहाव्या आकड्याला थांबले. आम्हीही सगळे तिथंच थांबलो आणि 'ठेवूनी वाट मी पाहे' म्हणत पुढं गेलो. आधी ठरलं वगैरे काही नव्हतं. धाकट्याचा पोरगा तेवढा एकटाच लांबवत राहिला, त्याला आईनं चिमटा काढला.

तर झांज. दोरी मिळेना म्हणून पायजम्याची नाडी ओवली, आतून चांगली जाड गाठ मारली आणि बघावं म्हणून एकदाच वाजवली. भर दुपारी केवढा तो आवाज! आतल्या खोलीतून अण्णा म्हणाले, "आरं, आज संकष्टी हाय का काय?"

म्हटलं, नाही ओ अण्णा, झोपा तुम्ही.

थोड्या वेळानं आतून गोळे खडखडल्याचा आवाज आला.