ट्रेमधला तांब्याचा चुरा

पिंपरी-चिंचवडमधल्या चिखली-कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेड महापालिकेने २०२५च्या फेब्रुवारीत पाडल्या, तेव्हा जागा गेलेल्या एकाचं हे वायर सोलायचं टेबल मशीन. एक एचपीची सिंगल फेज मोटर, वर ८० मिमी व्यासाचं गोल पातं, खाली खाचांचा रोलर. मागणी २२,०००. अख्खा पावसाळा ताडपत्रीखाली काढलेला.

मालकाने जाड अॅल्युमिनियम केबल घालून दाखवली, सरळ चिरली. जाड केबलवर कुठलंही मशीन झकासच दिसतं. म्हणून घरगुती २.५ चौरस मिमीची बहुतारी वायर सोबत नेली होती. त्यातली १० मीटर आधीच हाताने सोलून ठेवली होती: तांबं २२० ग्रॅम. तेवढीच मशीनमधून काढली, भरली २१४. बाकीचे सहा ग्रॅम ट्रेमध्ये चुऱ्यात आणि सालीला चिकटलेल्या तुकड्यांत. शंभर किलो तांब्यामागे पावणेतीन किलो असंच जाणार.

"भाऊ, पातं मुद्दाम खोल लावलंय, नाहीतर साल सुटत नाही," मालक म्हणाला.

का सुटत नाही, ते सालीवरच दिसत होतं. दर २५ सेंटिमीटरला चीर उथळ. ८० मिमीच्या पात्याचा घेर नेमका तेवढाच, म्हणजे धारेची एका जागी खपली उडालेली. कधीतरी आर्मर्ड केबल पोलादी तारांसकट आत गेली असणार. ते झाकायला पातं खाली घेतलं आणि बाहेरच्या बारीक तारा कापल्या जाऊ लागल्या. उथळ जागा वाटेल तिथे आल्या असत्या, तर रोलर घसरतोय किंवा बेअरिंग ढिलं आहे असं समजलो असतो. तो खर्च वेगळा.

मग मोटर. तीन पिनांचा प्लग, पण वायर दोनच कोरची. अर्थिंगचा पत्ता नाही. प्लग काढला, कपॅसिटर डिस्चार्ज केला, फेज-न्यूट्रल एकत्र धरून बॉडीशी ५०० व्होल्टचा मेगर (वाइंडिंगमधून बॉडीत वीज गळते का ते मोजणारा मीटर) लावला: ०.४ मेगओहम. निदान १ तरी हवा. मोटर व्यवस्थित फिरत होती, तरीही. वाइंडिंग जळलेलं नव्हतं, नुसतं ओलावलं होतं, म्हणून सौदा मोडला नाही. १५,५०० ला ठरला.

घरी मोटरचं मागचं झाकण काढून शेजारी १०० वॅटचा बल्ब दोन दिवस पेटता ठेवला. मेगर ८ वर आला. तीन कोरची वायर टाकून अर्थ बॉडीच्या बोल्टला घट्ट केला.

नवं पातं बसवताना ते आधी पूर्ण वर घेतलं. अर्धा मीटर वायर घालायची, बोल्ट पाव आटा खाली, पुन्हा अर्धा मीटर. चीर आरपार जायला नको; अंगठ्याने दाबल्यावर साल फाटली की तिथेच चेकनट, म्हणजे बोल्ट जागी धरणारा नट, आवळायचा. पुन्हा १० मीटर काढून काट्यावर टाकली. २१९.