माळ्यावरचा अॅम्प्लिफायर लावून बघू का?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की कोणी ना कोणी विचारतंच, वडिलांचा जुना अॅम्प्लिफायर माळ्यावर सापडलाय, ठेवला तेव्हा मस्त चालत होता, लावून बघू का? मी असे जुने सेट दुरुस्त करतो, परवा तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर लिहितोय. नका लावू. थेट भिंतीतल्या प्लगमध्ये तर अजिबातच नका लावू.

कारण सांगतो. आत फिल्टरचे, म्हणजे वीज साठवून सप्लाय सपाट करणारे, मोठे कंडेन्सर असतात, त्यात अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो आणि सगळी मदार त्या थरावर. सेट वापरात असला की थर टिकतो, वर्षानुवर्षं पडून राहिला की तो कमजोर होतो. मग एकदम २३० व्होल्ट दिले की कंडेन्सरमधून नको तेवढा करंट वाहतो, तो तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि जाताना रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा पार्ट) किंवा ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. म्हणजे पाच-सहा कंडेन्सरमध्ये भागलं असतं ते काम ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करण्यावर, म्हणजे त्याची तार नव्याने गुंडाळण्यावर येतं. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये पावसाळ्यात भिंतींना ओल असते, तिथले सेट तर आणखी जपून.

मी आधी सिरीज बोर्डवर लावतो, त्यात सेटची वीज एका बल्बमधून होऊन जाते. तुमच्या ओळखीच्या कुठल्याही वायरमनकडे असतो तो बोर्ड. ६० किंवा १०० वॉटचा पिवळा तारेचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर बरं लक्षण, फुल पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. पण बल्ब जळतोय म्हणजे सेट जळत नाहीये, हे किती मोठं काम आहे! ते निभावलं की डिमरस्टॅटवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर, हळूहळू व्होल्टेज वाढवायचं, घाई नाही.

नाशिकरोडचे एक काका, प्रेसमधून रिटायर झालेले, भावाने सौदीहून आणलेला जपानी सेट घेऊन आले. त्यांनी लावून बघितला नव्हता, आधी विचारलं, म्हणून तो वाचला. मागचा व्होल्टेज सिलेक्टर, म्हणजे सेट किती व्होल्टवर चालवायचा ते ठरवणारा खटका, १२० वर होता, सौदीत तेव्हा घरात १२७ व्होल्ट असायचे! आपले २३० दिले असते तर संपलंच. झाकण काढलं तर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी काहीतरी साठलेलं, काकांना वाटलं कंडेन्सर गळला. तो गोंद होता. कंपनीत पार्ट हलू नये म्हणून लावलेला, नवा असताना पिवळट असतो, वर्षांनी काळपट तपकिरी होतो आणि मग वीजही वाहू देतो आणि शेजारच्या पार्टचे पायही खातो. एका डायोडचा पाय हिरवा पडून सुईएवढा उरला होता. सगळा गोंद टूथपिकने खरवडला, स्पिरिटने पुसला, डायोड बदलला, सिलेक्टर २४० वर घेतला. स्पीकर न लावता आउटपुटला मीटर धरला, दोन्ही बाजूंना डीसी २० मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे ठीक. हे तपासल्याशिवाय चांगले स्पीकर कधीच जोडू नका, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असला तर सप्लायचे तीस-चाळीस व्होल्ट सरळ स्पीकरच्या व्हॉइस कॉइलमध्ये, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीत जातात.

अमेरिकेहून आणलेल्या टर्नटेबलची, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राची, वेगळीच गंमत, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो फक्त व्होल्टेज उतरवतो, तिकडच्या विजेच्या ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० आवर्तनं) बेतलेली मोटर आपल्या ५० वर हळूच फिरते, रेकॉर्डच्या मिनिटाला ३३ फेऱ्यांऐवजी २८ च्या आतच. पेटीच्या काळी चारमध्ये गाणारी बाई पांढरी चारमध्ये उतरते! तिथे मोटरवरची ५० हर्ट्झची पुली मिळवावी लागते.

काही जण सगळे कंडेन्सर सरसकट बदलून देतात, मला ते पटत नाही. इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे वर सांगितलेले ऑक्साइडच्या थराचे, मोजून बदला, प्लॅस्टिक फिल्मचे बहुतेक ठणठणीत असतात, त्यांना हात कशाला लावायचा. ओरिजिनल पॉवर ट्रान्झिस्टर चालू असतील तर मुळीच काढू नका, टू-एन-३०५५ या नेहमीच्या पॉवर ट्रान्झिस्टरच्या नावाने बाजारात नकली माल भरपूर आहे. आणि व्हॉल्यूमची खरखर घालवायला शिवणयंत्राचं तेल नको हो, त्यावर धूळ बसते, कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा.

वॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ असेल तर घरी उघडूच नका. प्लग काढल्यावरही आत दोनशे-अडीचशे व्होल्ट साठलेले असू शकतात, आणि काही जुन्या एसी-डीसी सेटची चॅसीच, म्हणजे आतला लोखंडी सांगाडाच, लाइव्ह असते.

तर तुमचा सेट आहे तसाच आणा, पुसू नका, पॅनलवरची अक्षरं ओल्या फडक्याने निघतात. मूळ नॉब सुटले असतील तर पुडीत बांधून सोबत ठेवा, ते आता मिळत नाहीत. टर्नटेबलही आणणार असाल तर टोनआर्म (सुईची दांडी) क्लिपमध्ये अडकवा, मागचं वजन काढा, आणि सुईवर कॅप असेल तर लावा.