सरांना 'गप बस' म्हणालो त्या दिवशी

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. अंदमानात हॅवलॉकला कयाक गाईड आहे, हा माझा चौथा सीझन. २०१८ पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप झालंय, खरं बोलताना इथं सगळे अजून हॅवलॉकच म्हणतात. डिसेंबरात झालेली एक गोष्ट डोक्यातनं जात नाहीये, रात्री झोपताना परत परत येते, म्हणून लिहून काढतोय.

बेळगावच्या एका टूरवाल्याकडनं सोळा जणांचा ग्रुप येणार होता, त्यातले बारा जण कयाकिंगला. नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि तिसऱ्या ओळीत आमच्या सरांचं नाव. आठवी ते दहावी त्यांनी आम्हाला गणित शिकवलं. मला गणितात जे काय मार्क पडले ते सरांमुळं, नाहीतर मी शाळा सोडून गोव्याला हॉटेलात लागलो असतो आमच्या गल्लीतल्या बाकीच्या पोरांसारखा. यादी बघून मी दोनदा खात्री केली, मग आईला फोन केला. आई म्हणाली, सरांना नीट सांभाळ, म्हातारे झालेत.

लोकांना वाटतं कयाक गाईड म्हणजे पुढं पुढं वल्हं मारायचं आणि फोटो काढायचे. खरं काम पाण्यात उतरायच्या आधीच असतंय. प्रत्येक कयाकचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढायच्या भोकाचं बूच, घट्ट आहे का, लाईफ जॅकेटचे पट्टे वजनाप्रमाणं ओढलेत का, शिट्टी वाजते का (ओलाव्यानं कित्येक शिट्ट्या मुक्या झालेल्या असतात आणि बरेच गाईड त्या फुंकूनसुद्धा बघत नाहीत, याचा मला राग येतो), डबल कयाकमध्ये मागं कोण पुढं कोण, कारण बोट वळवायचं काम मागच्याचं. आणि सगळ्यात आधी भरती-ओहोटी. मोबाईलवर टाईड टेबल असतंच, त्याशिवाय आईनं पाठवलेलं कालनिर्णय भिंतीवर आहे. तिथी बघितली की कळतंय. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात जास्त, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर थोडी मिनिटं, आणि रोज सगळं पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकतंय.

आता ते सहा तास पाणी एकसारखं उतरत नाही. इथंच खरी मेख आहे. पाण्याचे बारा भाग धरायचे. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. उधाणाला इथं भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दोन तासांत मीटरभर पाणी गायब. खारफुटीतल्या खाडीत आधीच मांडीएवढं पाणी असतंय, तिथं मीटरभर गेलं तर राहिलं काय?

ग्रुपची तारीख टूरवाल्यानं अमावास्येला धरून काढलेली, कारण लोकांना रात्री चमकणारं पाणी बघायचं असतंय. काळोख असला तर वल्हं मारलं की पाण्यात निळसर ठिणग्या उडतात, बारीक जीव असतात ते, पाणी ढवळलं की उजळतात. ते बरोबरच आहे. खरं त्याच अमावास्येनं उधाण येतंय आणि दिवसा खाडी झपाट्यानं रिकामी होते, हे पॅकेज बनवणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही. ते फेरी बोटीचं टाईमटेबल बघतात, जेवणाची वेळ बघतात, समुद्राला कोण विचारतंय. मी दोन सीझन सांगून दमलोय.

त्या दिवशी द्वितीया. भरती अकराला. ग्रुप साडेनऊला जेट्टीवर येणार आणि दहाला पाण्यात उतरायचं ठरलेलं. फेरीला उशीर झाला, मग रूम, मग जेवण, आणि किनाऱ्यावर आले तेव्हा बरोबर एक वाजलेला. मी लांबनंच ओळखलं, तीच चाल, शर्टाच्या खिशाला पेन. जवळ आल्यावर वाकून पाया पडलो. सर म्हणाले, "काय रे, हितं काय करायलास तू?" आणि शेजारी उभ्या बाईंना, म्हणजे त्यांच्या मिसेसना, म्हणाले, "आपला विद्यार्थी हा." मला इतकं भरून आलं की काय सांगू. चार वर्षं हिंदी आणि मोडकं इंग्लिश बोलून जीभ आंबलेली असते, त्यात एकदम बारा माणसं आपल्या भाषेत बोलायला लागली, कुणी करदंट काढलं, कुणी कुंद्याचा डबा पुढं केला. वडगावच्या एक मावशी म्हणाल्या, "पोरगं वाळलंय की ओ उन्हानं."

ब्रीफिंग वीस मिनिटांचं असतं. वल्हं कसं धरायचं, उलटलात तर काय, शिट्टी किती वेळा, आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य: बोट अडकली तरी खाली उतरायचं नाही. हे वाक्य मी परक्या माणसांकडनं तीनदा म्हणवून घेतो, उत्तर नाही दिलं तर पाण्यात सोडत नाही. त्या दिवशी मी ते म्हणालोच नाही. वेळ कमी होता हे एक. खरं मुख्य कारण वेगळंच. सर समोर उभे होते आणि मला त्यांना गणित दाखवायचं होतं. वाळूवर काठीनं एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे आकडे लिहिले आणि बारा भागांचं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा वर करून वाचलं, लगेच बेरीज केली, म्हणाले, "म्हणजे तिसऱ्या-चौथ्यात निम्मं. वा!" मग घड्याळ बघितलं आणि विचारलं, "अकराला भरती म्हणतोस, मग आता तिसरा तास लागला की रे?" मी म्हणालो, "सर, आपण कडेकडेनंच जाणार, आत शिरायचं नाही." बाकीचं ब्रीफिंग पाच मिनिटांत उरकलं. एवढ्या मोठ्या माणसांना शाळेच्या पोरांगत परत परत म्हणून दाखवा म्हणायची मला लाज वाटली. सरांना काय म्हणायला लावणार मी?

सहा डबल कयाक, पुढं मी, मागं शेवटी आमचा बंगाली पोरगा. त्याच्या आजोबांना पूर्व बंगालमधनं इथं आणून वसवलेलं, जन्म याच बेटावरचा. सर्टिफिकेट माझ्याकडं आहे, त्याच्याकडं नाही, आणि पगार त्याला माझ्यापेक्षा कमी. चिखल आणि पाणी मात्र तो माझ्या दुप्पट ओळखतो. हे मी आधीपण मानत होतो, आता जास्त मानतो.

अर्धा तास बाहेरनं फिरलो. मग कुणीतरी विचारलं, तो झाडांचा बोगदा कुठाय, फोटोत असतो तो? आत एक अरुंद फाटा आहे, दोन्ही बाजूनं खारफुटी वर जाऊन मिळते, हिरवी सावली, मुळं कमानीसारखी पाण्यात उतरलेली, चिखलावर निवट्या उड्या मारतात. सगळ्यांना तेच बघायचं असतं. मी तोंडाशी थांबलो. मागनं तो पोरगा जवळ आला, हळूच म्हणाला, "दादा, अंदर मत जाओ, जड़ देखो." मुळांवर पाण्याची ओली रेघ होती, आणि पाणी त्या रेघेच्या चांगलं दोन वीत खाली आलेलं. मी बघितली ती रेघ. बघून म्हणालो, दहा मिनिट. आपल्या गावची माणसं एवढ्या लांब आलीत, परत कधी येणार, एवढाच विचार होता डोक्यात. आमच्या कंपनीच्या साहेबाचं पण असतं मागं, बोगदा नाही दाखवला की रिव्ह्यू वाईट येतो. खरं त्याचं नाव पुढं करत नाही मी, आत न्यायचं मीच ठरवलं.

दहा मिनिटांनी वळायला सांगितलं तेव्हा मावशींची बोट चिखलाच्या उंचवट्यावर बसली. त्यांच्या मागं सर आणि बाई. सरांनी काय केलं असेल? आपण सगळे जे करतो तेच. गाडी रुतली की उतरून ढकलायची. सर उतरले. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, तोल सावरायला डावा टाकला तो मांडीपर्यंत. हातानं मूळ पकडलं, मुळांना कालवं चिकटलेली असतात, कडा ब्लेडसारख्या, तळहात फाटला. बाई "अहो, अहो" करत उठून उभ्या राहायला लागल्या आणि त्यांची बोट डुचमळायला लागली.

मी पंधरा मीटर पुढं. मी म्हणालो, "सर, हलू नका सर." सर म्हणाले, "काय नाही रे, येतो मी," आणि पाय उपसायला लागले. चिखलात एक पाय सरळ वर ओढला की दुसरा तेवढाच खाली जातो. परत म्हणालो, "सर प्लीज, हलू नका ओ." सरांचं आपलं "येतो, येतो". आता कमरेला चिखल लागायला आलेला. आणि मग माझ्या तोंडातनं निघालं, "ए, गप बस! हलू नको! मूळ सोड ते!"

सगळ्या बोटी गप्प झाल्या. बाई जागेवर बसल्या. सरांनी मूळ सोडलं आणि माझ्याकडं बघत उभे राहिले, एक शब्द नाही. शाळेत आम्ही त्यांच्यासमोर असे उभे राहायचो.

पुढचं काम मला येतंय, त्यात चूक झाली नाही. माझी कयाक चिखलावरनं सरकवत त्यांच्या छातीला आडवी लावली, त्यांना तिच्यावर पालथं झुकवलं म्हणजे वजन पायावरनं सुटतं. मग डब्यानं पाणी घेऊन पायाच्या कडेनं ओतत राहायचं, कारण धरून ठेवतंय ते चिखलाचं चोषण, पायाशी पाणी शिरलं की पकड सैल होते. आणि पाय सरळ ओढायचा नाही, टाच फिरवत फिरवत काढायचा. हे मला कुठल्या कोर्सात शिकवलं नाही, रोप लावताना खाचरात बाबांनी शिकवलंय. "टाच फिरव, टाच फिरव, आता थांब," मी एकेरीतच बोलत होतो, परत 'तुम्ही'वर यायला वेळच नव्हता. डाव्या सँडलचा पट्टा अडकलेला, तो चिखलात हात घालून सोडवला, सँडल आतच राहिली. दहा-बारा मिनिटं लागली असतील. त्या सगळ्या वेळात माझी नजर सारखी पाण्याकडं. २०१० साली याच बेटावर मगरीनं एका परदेशी बाईला मारलंय, हे इथं प्रत्येक गाईडच्या डोक्यात असतं, बोलत कोण नाही.

तोवर मागं त्या पोरानं कमाल केली. अरुंद फाट्यात चार मीटरची बोट वळत नाही, त्यानं सगळ्यांना बोटीतच तोंड फिरवून उलटं बसवलं आणि मागचं टोक पुढं करून बाहेर काढलं. मावशींना पुढच्या सीटवरनं सरकत मागं नेलं, वल्हं मुळाला टेकवून रेटा दिला, बोट सुटली. शेवटचे आम्ही निघालो तेव्हा बोटीचा तळ चिखलाला घासत होता. अर्धा तास उशीर झाला असता तर पाणी परत यायला अंधार पडला असता, डिसेंबरात इथं पाचलाच सूर्य मावळतो.

कालवांची जखम चिघळते, म्हणून हात साबणानं घासून धुतला, दवाखान्यात नेऊन टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. सर एकदाही ओरडले नाहीत.

संध्याकाळी ऑफिसात इन्सिडेंट फॉर्म भरायचा असतो. कारणाच्या रकान्यात मी इंग्लिशमध्ये लिहिलं की गेस्ट स्वतःहून बोटीतनं उतरले. साहेबानं वाचलं, म्हणाला बरोबर आहे, आपली चूक नाही, आणि सही केली. खोटं एक अक्षर नाही त्यात.

रात्री जेवताना सरांनी मला शेजारी बसवून घेतलं. हाताला बँडेज, डाव्या हातानं चमच्यानं भात खात होते. खूप वेळानं म्हणाले, "एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. आपण आत शिरलो तेव्हा तिसराच तास चालू होता न्हवं?"

मी म्हणालो, "हो सर."

"हं," म्हणाले.

वर्गात उदाहरणाची रीत बरोबर आणि उत्तर चुकलेलं असलं की सर वहीवर बोट ठेवून असंच "हं" म्हणायचे, पुढं काही नाही, आपण जागेवर जाऊन शोधायचं. एकेरीबद्दल त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेट्टीवर निघतानापण नाही, ते काहीच बोलले नाहीत. बाईंनी हातात कुंद्याचा राहिलेला डबा दिला आणि म्हणाल्या, तू ओरडलास म्हणून वाचले. त्याचाच मला जास्त त्रास होतोय. ओरडायची वेळ कशानं आली ते बाईंना माहीत नाही. सरांना माहीत आहे.

आठवड्यानं साहेबाला म्हणालो, फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवायच्यात, ब्रीफिंग पूर्ण दिलं नव्हतं आणि ओहोटीच्या तिसऱ्या तासात आत नेलं, असं. तो म्हणाला, राहू दे, फाईल झाली. मी परत विचारलं नाही.

मे अखेरीला सीझन संपला की घरी येणार आहे. आईनं फोनवर आत्ताच सांगून ठेवलंय, आलास की आधी सरांना भेटून ये, किती कौतुक करायलेत तुझं सगळ्यांना. म्हणजे सरांनी गावात बाकीचं कुणाला सांगितलेलं नाही. आईलापण मी अजून सांगितलं नाहीये.