न मावळणारा अगस्त्य

साताऱ्याजवळच्या आमच्या गावी फेब्रुवारीत रात्री जेवणं झाली की बाबा मला गच्चीवर न्यायचे. आधी व्याधाचा तारा दाखवायचे, मग म्हणायचे, "आता सरळ खाली, डोंगराकडं बघ. तो अगस्त्य." हात लांब करून क्षितिजावर मुठीवर मूठ ठेवली, की दुसऱ्या मुठीच्या टोकाशी तो असायचा. त्याहून वर कधी चढलाच नाही. उगवल्यापासून साडेआठ तासांत पुन्हा डोंगराआड.

न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला आले तेव्हा सुरुवातीला रात्री वर बघवतच नसे. इथे ध्रुव नाही, सप्तर्षी नाहीत, मृग उलटा टांगलेला. मग जानेवारीत एका रात्री वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले, सहज मान वर केली, तर जवळजवळ माथ्यावर अगस्त्य! मुठी मोजल्या. आठ भरल्या. आणि इथे तो मावळतच नाही. जूनमध्ये मध्यरात्री दक्षिणेला पार खाली उतरतो, क्षितिजापासून जेमतेम अर्ध्या मुठीवर, पण बुडत नाही. तिथूनच परत चढायला लागतो.

'मी येईपर्यंत असाच वाकून राहा' असं विंध्य पर्वताला सांगून अगस्त्य ऋषी दक्षिणेला गेले ते परतलेच नाहीत. ते कुठे राहिले, हे मला त्या अंगणात कळलं.

इथले मूळ रहिवासी माओरी लोक या ताऱ्याला अतुताही म्हणतात. ऑफिसातल्या एका माओरी मैत्रिणीनं गोष्ट सांगितली: ताने देवानं तारे टोपलीत भरले, ती टोपली म्हणजे आकाशगंगा. अतुताही मात्र आत गेला नाही, बाहेरच लटकून राहिला. म्हणून तो 'तापू', सोवळ्यातला. आकाशात बघितलं की पटतं. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तो खरोखरच वेगळा, एकटा तळपतो. अरबांचा हा सुहैल, ऑगस्टअखेर पहाटे दिसला की उन्हाळा सरत आल्याची खूण. चिनी लोकांचा दक्षिणेचा म्हातारा, दीर्घायुष्य देणारा.

तेजस्वीपणात तो व्याधानंतर दुसरा. पण व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, आणि हा सुमारे ३१०! सूर्याच्या दहा हजार पट तेज, रुंदी सत्तर पट. तितक्या लांब आपला सूर्य नेऊन ठेवला तर नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही. १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या मरिनर ४ यानानं दिशा राखायला सूर्याच्या जोडीला हाच तारा धरला होता. शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं १७१३ साली. आज माझ्या डोळ्यांत शिरणारा उजेड साधारण त्याच काळात तिथून निघालेला आहे.

परवा मध्यरात्री अंगणातूनच बाबांना फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, बाहेर पाऊस, हातात चहा. तिकडे तो सध्या दिवसाच उगवून मावळतो, त्यामुळे दिसायचा प्रश्नच नाही. मी म्हटलं, "बाबा, आत्ता समोर आहे."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "किती मुठी?"

"अर्धी."

"बघत राहा. चढायला लागला की सांग."