हिमोग्लोबिन नॉर्मल, तोंड मात्र आलेलं

‘सीबीसी नॉर्मल आहे, काळजीचं काही नाही.’ रक्तपेशी मोजणाऱ्या साध्या तपासणीबद्दलचं, म्हणजे सीबीसीबद्दलचं, हे वाक्य मी एकाच खुर्चीत बसून इतक्यांदा ऐकलंय, की अजूनही कुठे कानावर पडलं तर डोकं तापतं. काळजीचं काही नव्हतं, तर साधं पाणी पिताना मला गाल ओढून का धरावा लागत होता?

तोंड येणं मला नवीन नाही. आईचंही यायचं, आणि हे घराण्यात चालतं असं पुढे कळलं. कधीमधी एखादा फोड यायचा, आठ-पंधरा दिवसांत जायचा. मग मात्र पहिला सुकतोय न सुकतोय तोच दुसरा, असं सुरू झालं. ओठाच्या आत, गालात, जिभेखाली. मधे पिवळट पांढरा, कडेने लालभडक, आकार म्हणाल तर टाचणीच्या डोक्याहून थोडा मोठा. एवढ्याशा गोष्टीने माणूस बोलायचा बंद होतो.

दाताच्या डॉक्टरांकडचं काम पटकन झालं. टोकदार दात, तुटलेलं फिलिंग, टोचणारी तार, घासणारी कवळी, यातलं माझ्या तोंडात काही नव्हतं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘फोड दर वेळी त्याच जागी येतो का?’ नाही म्हटलं. ‘मग मी काय करू? त्याच जागी येत असता तर दाताची धार घासून दिली असती. जागा बदलतोय म्हणजे कारण आत असणार. फिजिशियनला दाखवा.’ टूथपेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट काहींच्या तोंडाला सोसत नाही, तेव्हा ते नसलेली पेस्ट आणि मऊ ब्रश घ्या, हेही त्यांनीच सांगितलं. घेतली. जळजळ कमी झाली, फोड येतच राहिले.

आणि इथून पुढे सगळं अडलं.

फिजिशियननी तोंडात टॉर्च मारला न मारला आणि विचारलं, ‘ताण आहे का?’ ताण कुणाला नसतो! ताणाने, जागरणाने तोंड येतं हे खोटं नाही. काही बायकांना पाळीच्या आधीही येतं. पण ताण हे असं सोयीचं कारण आहे, की ते एकदा सांगितलं की पुढे कुणाला काही शोधावं लागत नाही. लावायला जेल मिळालं आणि सीबीसी लिहिली गेली. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन खालच्या मर्यादेला अगदी टेकलेलं, पण शेजारी लाल खूण नाही. खूण नाही म्हणजे विषय मिटला. पुन्हा गेले, पुन्हा तेच जेल.

वारंवार तोंड येणाऱ्या काहींमध्ये लोह, बी-12 किंवा फॉलिक अ‍ॅसिड कमी सापडतं, एवढं मी वाचलेलं होतं. म्हटलं, फेरिटिन आणि बी-12 लिहून द्या. ‘हिमोग्लोबिन चांगलं असताना कशाला?’ तशीच लॅबच्या काउंटरवर गेले, तर तिथली मुलगी म्हणाली, ‘चिठ्ठीवर लिहून आणा, आम्ही आमच्या मनाने टेस्ट लावत नाही.’ तिचं काही चुकलं नाही. पण चिठ्ठी लिहिणारे म्हणतात गरज नाही, रक्त काढणारे म्हणतात चिठ्ठी आणा, आणि मी मधल्या पॅसेजमध्ये फाइल छातीशी धरून उभी. त्यात खालच्या ओठातला फोड प्रत्येक शब्दाला दातावर घासत होता, त्यामुळे धड भांडताही येईना.

चीड याची, की यात गूढ असं काहीच नाही. शरीर आधी साठवणीतलं लोह वापरतं. साठा किती उरला ते फेरिटिनवरून कळतं. तो तळाला गेला तरी हिमोग्लोबिन बराच काळ तग धरतं, उतरतं ते सगळ्यात शेवटी. दुसरी गंमत अशी, की लोह कमी पडलं की लाल पेशी लहान होतात आणि बी-12 कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर रिपोर्टमधला एमसीव्ही, म्हणजे पेशींचा सरासरी आकार, बरोब्बर मधे येऊन बसू शकतो. कागद बघणाऱ्याला सगळं छान दिसतं!

शेवटी दुसऱ्या डॉक्टर गाठल्या. त्यांचा पहिलाच प्रश्न, ‘पाळीत अंगावरून किती जातं?’ हे तोवर एकानेही विचारलं नव्हतं. पॅड किती वेळाने बदलावं लागतं ते मी सांगितलं आणि त्या लिहायलाच लागल्या: फेरिटिन, बी-12, फॉलिक अ‍ॅसिड, शिवाय सिलिअ‍ॅकची अँटीबॉडी, कारण हा आजार असणाऱ्यांना, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणाऱ्यांनाही, सारखं तोंड येऊ शकतं. फेरिटिन 9 आलं. मोठ्या माणसांत 15 च्या खाली म्हणजे कमतरता, ही जागतिक आरोग्य संघटनेने आखलेली रेषा. बाकी सगळं ठीक. ते 9 बघून मला वाईट वाटायच्या ऐवजी इतका आनंद झाला, की डॉक्टरच चक्रावल्या.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत पाळीवरचे उपचारही, नाहीतर वरून भरायचं आणि खालून गळायचं. गोळीच्या आगेमागे चहा-कॉफी नको, लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि हे काम महिन्यांचं आहे. माझे फोड एकदम थांबले नाहीत, दोन फोडांमधलं अंतर वाढत गेलं.

टेस्टला जाणार असाल तर आधीच बी-कॉम्प्लेक्स घेऊ नका, बी-12 चा आकडा फुगलेला येतो. तापात किंवा इन्फेक्शनमध्ये फेरिटिनही वर जातं, तेव्हा बरं झाल्यावर द्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, हृदयासाठीचं निकोरँडिल, संधिवातासाठीचं मेथोट्रेक्सेट यांनीही तोंड येतं. म्हणून स्वतःच बंद मात्र करू नका. सिगारेट सोडल्यावर सुरुवातीला काहींना फोड येतात, ते जातात.

स्टेरॉइडची पेस्ट दिली असेल तर आधी कापसाने जागा कोरडी करा आणि पेस्ट नुसती टेकवा, चोळू नका. चोळली की रवाळ होऊन सुटते. रात्री झोपताना लावली तर टिकते. हे मला कुणी सांगितलं नाही, ट्यूबसोबतच्या कागदावर बारीक अक्षरात होतं.

आणि हे वर लिहायला हवं होतं: तीन आठवड्यांत न भरलेला फोड, मग तो दुखत नसला तरी, आणि कड टणक लागत असेल तर आधी, दाखवाच, तंबाखू खाणाऱ्यांनी तर एक दिवस थांबू नये. फोडांसोबत डोळे लाल होऊन दुखत असतील, गुप्तांगावर जखमा असतील किंवा जुलाब आणि वजन उतरणं चालू असेल, तर तेही लाजू नका, सांगा. टॉर्च मारून ते दिसत नाही.