उधारीची चार पानं

"आई, चांगलं चांगलं लिही ना. हे उधारीचं कशाला?"

शेजारच्या मावशींचा मुलगा सहज बोलून गेला. माझ्या मात्र ते डोक्यातून जाईना.

लालबागच्या या मावशी सत्तरीनंतर आठवणी लिहायला बसल्यात. बँकेची जुनी डायरी, निळं बॉलपेन. लग्न, चाळ, बाळंतपणं सगळं दोन पानांत उरकलंय! मग येतं 1982. जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मावशी आणि त्यांच्या सासूबाई खानावळ चालवायच्या. पुढची चार पानं नुसती यादी. नाव, गाव, बाकी. कणकवलीचा एक, 42 रुपये. पाटणचा एक, 60. एकापुढे रक्कमच नाही, फक्त 'डबा घासून परत केला'.

"आता कोण फेडणार, मावशी?"

"मागतंय कोण? जेवून गेले, त्याची नोंद नको?"

इटलीत पिएवे सांतो स्तेफानो गावात 1984 पासून साध्या माणसांच्या डायऱ्या आणि आठवणी जपून ठेवतात. तिथे एक चादर आहे. नवरा गेल्यावर एका शेतकरी बाईने तिच्यावर आपलं आयुष्य लिहून काढलं. तिला कुणी सांगितलं असेल का, चांगलं तेवढंच लिही म्हणून?

संपावर पुस्तकं झाली, भाषणं तर विचारूच नका. पण पाटणच्या माणसाचे 60 रुपये त्यात कुठे सापडणार?

तुमच्याकडे कुणी लिहितंय का असं काही? आणि तुम्ही वाचता, की सुधारता?