कुन यामकडून कर्ज घेतलं आणि फेडलं, माझा अनुभव

आम्ही हाँगकाँगला हंग होममधे राहतो, व्हाम्पोआ स्टेशनच्या जवळच. इथे आपली भारतीय मंडळी बरीच आहेत पण बहुतेकांनी स्टेशन लेनवरचं कुन याम या करुणेच्या देवीचं देऊळ येताजाता बाहेरूनच बघितलेलं असतं. देऊळ एवढंसं आहे, १८७३ सालचं, आजूबाजूला उंच बिल्डिंगा. एरवी शांत, पण चिनी वर्षाच्या पहिल्या महिन्यातल्या २६व्या दिवशी तिथे हजारो लोक येतात, कारण त्या दिवशी देवी आपला खजिना उघडते आणि मागेल त्याला कर्ज देते अशी श्रद्धा आहे. हो, कर्जच. वर्ष संपायच्या आत फेडायचं.

मागच्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसमधे माणसं कमी करणं चालू होतं आणि घरात सगळ्यांनाच टेन्शन होतं. आमच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात, मोडकंतोडकं इंग्रजी आणि माझं त्याहून मोडकं कॅन्टोनीज असं आमचं चालतं, त्यांना मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग चल की माझ्याबरोबर, कुन याम सगळ्यांना देते, तू कुठली हे ती विचारत नाही." मला ते इतकं पटलं की मी लगेच हो म्हटलं.

२०२५ ला तो दिवस २३ फेब्रुवारीला, रविवारी आला होता. पण जुन्या चिनी हिशोबाने नवा दिवस रात्री ११ ला सुरू होतो, त्यामुळे खजिना शनिवारी रात्रीच उघडला. आम्ही पोचलो तेव्हा लाईन देवळाच्या गल्लीतून बाहेर पडून कोपऱ्यावरून वळून कुठल्याकुठे गेली होती, पोलिसांनी बॅरिकेड लावलेले, आणि दोन्ही बाजूंना पूजेच्या सामानाची दुकानं, कागदी नोटा, सोनेरी कागद, उदबत्त्या, रंगीत भिरभिरी. आजींनी तयार सेट घेतला, त्यात कागद होता त्यावर आपलं नाव आणि पत्ता लिहायचा, कर्ज कोणी घेतलं हे देवीला कळायला नको का! बऱ्याच जणांच्या पिशवीत लेट्यूसचा गड्डा होता, तोही शुभ मानतात.

लाईनमधे भांडण नाही, घुसाघुशी नाही. माझ्या पुढे एक टॅक्सी चालवणारे काका होते, मागे कॉलेजच्या मुली. खूप वेळ उभं राहिल्यावर आत शिरलो तर धूर इतका की डोळ्यातून पाणी, उदबत्त्यांची वरून टांगलेली मोठी वेटोळी, खाली राख पडतेय, आणि लोक त्यातच डोळे मिटून पुटपुटतायत. आत थांबायला मिळतं ते मिनिटभर. नमस्कार करायचा, काय हवंय ते सांगायचं आणि लाल पाकीट घ्यायचं, आत खरे पैसे नाहीत, चिठ्ठीवर देवीने किती कर्ज मंजूर केलं तो आकडा छापलेला असतो. माझ्या चिठ्ठीवर इतकी शून्यं होती की आजींनीच मोजून सांगितलं, काही कोटी डॉलर. त्यांना माझ्यापेक्षा कमी मिळाले तरी आनंद त्यांनाच जास्त. "घरी देवाजवळ ठेव, वर्षभर हलवू नको," म्हणाल्या. मी आमच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवलं.

आता फेडण्याबद्दल, कारण हे कोणी नीट सांगत नाही. नवऱ्याची नोकरी टिकली, पगार वाढला नाही पण टिकली. मग जानेवारीत आम्ही दोघी परत गेलो, कागदी सोनं, फळं, उदबत्ती घेऊन. नोकरी गेली असती तरी जायचंच होतं, आजींचं म्हणणं असं की घेतलं ते घेतलं.

साधा वार होता त्यामुळे गर्दी नव्हती आणि देऊळ खरं तेव्हा बघितलं. हिरवी कौलं, शेजारी भविष्य सांगणारे बसलेले, नळीतून काठी पाडून कौल घेणाऱ्या दोन बायका. आजींनी सांगितलं की १९४४ मधे इथल्या गोदीवर बॉम्ब टाकले तेव्हा बाजूच्या शाळेवर पडले, कितीतरी लहान मुलं गेली, पण देवळात आसऱ्याला आलेले वाचले. हे सांगताना त्यांचा हात माझ्या हातावर होता.

कुन याम म्हणजे मुळात आपल्याकडून गेलेला अवलोकितेश्वर, बौद्धांचा करुणेचा बोधिसत्त्व, तिकडे जाऊन तो देवी झाला. औरंगाबाद लेण्यांमधे ७ नंबरच्या लेण्यात तो मोठा कोरलेला आहे आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसं त्याचा धावा करतायत, आग, साप, हत्ती, बुडणारं जहाज. शाळेच्या ट्रिपला बघितलं होतं. इथे समोर उभी राहिले तेव्हा ते जहाज आठवलं आणि परकं असं काही वाटलंच नाही.

२०२६ ला खजिन्याचा दिवस १४ मार्च, म्हणजे १३ ला शुक्रवारी रात्री ११ पासून. रात्रीची गर्दी झेपत नसेल तर दुसऱ्या दिवशी दिवसा जा, तेव्हाही मिळतं. धुराचा त्रास असेल तर मास्क न्या, लहान मुलांना लाईनमधे नेऊ नका. आणि जुनं कर्ज फेडलं नसेल तर आधी ते फेडून या.